पटक्यावरचा निळा डाग

खजुरी गावात पद्माबाईच्या घराची भिंत बघायला बायका मुद्दाम थांबायच्या. चुलीच्या धुराचा ओघळ तिथं धावती शेळी झालेला, पोपडा निघालेल्या जागी कोंबडी पिलं पोटाशी घेऊन बसलेली, आणि खिडकीखाली कुणा लेकराच्या तेलकट पंजाचा मोर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माहेरी, करजगीला, आई भिंत सारवताना ओरडायची, "पोरी, डाग पुसायचा असतोय!" आणि ही कोळसा घेऊन त्या डागाला पाय काढत बसायची. कोऱ्या भिंतीपुढं बसवलं तर मात्र तिला एक रेघ सुचायची नाही. आधी डाग पडला पाहिजे, आपला आपण.

नवरा धुळाप्पा गेल्यावर घरात ती आणि पुतण्या महांतेश एवढीच माणसं. महांतेश रांगत होता तेव्हाच त्याची आई वारली. तेव्हापासून तो पद्माबाईच्या ताटात जेवून वाढला. शिकायला कलबुर्गीला गेला आणि मोबाईलवर व्हिडिओ करायचं वेड घेऊन परत आला. काकूची चित्रं त्यानं लोकांना दाखवली. लांबलांबची माणसं 'अक्का, अक्का' म्हणून कौतुक लिहायला लागली. तिला त्यातलं फारसं कळत नव्हतं. पोरगं आपल्यासाठी झटतंय, याचंच तिला सुख.

एका उन्हाळ्यात महांतेश दाराला निळा तेलरंग द्यायला बसला. पद्माबाईनं ट्रंकेतले कपडे अंगणात उन्हाला घातले होते. त्यात धुळाप्पाचा पांढराशुभ्र पटका होता, लग्नात बांधलेला. ती पाणी घेऊन आली, तर पटक्यावर मधोमध हा एवढा निळा डाग, आणि शिंतोडे पार टोकापर्यंत उडालेले.

"काकू, डबा लवंडला गं. हात लागला माझा."

घागर तशीच टेकवून ती पटक्यापाशी बसली. पोराचं उतरलेलं तोंड बघून तिनं रडू गिळलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे, बाळा. तू काय जाणून केलास व्हय?"

तेलरंग तो, निघतोय कसला. पटका बरेच दिवस खुंटीवर लोंबत राहिला. येता-जाता ती बघायची आणि नजर फिरवायची. मग एका सकाळी तिला त्या डागात माणूस दिसला. ज्वारीच्या रानात राखणीच्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा. शिंतोडे म्हणजे कणसांवरून उधळलेली भोरड्यांची पाखरं. "मालक असंच उभारायचे," ती पुटपुटली, आणि काजळी कालवून पटका मांडीवर घेतला. डोळे पुसत पुसत तिनं चित्र पुरं केलं. महांतेश समोर मोबाईल धरून बसला होता. तेवढं सुंदर चित्र तिच्या हातून कधी उतरलं नव्हतं.

तो व्हिडिओ गावोगाव पोचला. महांतेशचा कलबुर्गीचा दोस्त शरणबसव पटका बघायला मुद्दाम आला. पद्माबाई चहा देत असताना त्यानं विचारलं, "अक्का, डाग असा नेमका पडला कसा हो?"

ती सांगणार, तोच महांतेश हसत म्हणाला, "पडतोय कुठला! मीच टाकलो. पहिल्यांदा लहान पडला, मग लांबून अजून एकदा फेकलो."

शरणबसवही हसला. मग पद्माबाईकडं बघून त्यानं हसू आवरलं. तिनं त्याच्या हातात कप दिला, रिकामं ताट उचललं आणि आत गेली.

पाहुणा गेल्यावर तिनं विचारलं, "पटका कुणाचा हाय, ठावं होतं की तुला?"

"व्हय. म्हणूनच की, काकू. दुसरं फडकं असतं तर तू रडली असतीस का? लोकांला तेच भावलंय."

"मग हात लागला म्हणून कामून सांगितलास?"

"खरं सांगितलो असतो तर तू चित्र काढली असतीस का?"

तिनं पटका ओढून मांडीवर घेतला. म्हणाली, "त्या दिवशी मी तुझीच समजूत घातले रे. आणि तू माझं रडू कसं दिसायलंय ते बघत बसलास."

"पण चित्र तर भारी झालंय की!"

हेच तिला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं. पटका तिनं घडी करून ट्रंकेच्या तळाशी घातला. परत उन्हाला काढला नाही.

महांतेश कलबुर्गीलाच राहतो आता. सणाला येतो. त्याला आवडतात म्हणून ती धपाटे करते, गरमगरम वाढते. पण पूर्वीसारखी त्याच्याबरोबर एका ताटात जेवत नाही. वेगळं ताट घेते. त्यानं मोबाईल काढला की उठून गोठ्यात जाते.

यंदा पावसाळ्यात भिंतीवर ओलीचा मोठा डाग उमटला. शेजारची अंबिका पळत आली. "अक्का, घोडा दिसायलाय बघ! शेपूट सुदिक हाय!"

पद्माबाईनं बराच वेळ बघितलं. "दिसायलाय," ती म्हणाली. मग कोपऱ्यातली शिडी भिंतीला लावून स्वतः वर चढली. वाऱ्यानं पत्रा सरकला होता, तिथूनच पाणी उतरत होतं. तरी तिनं आजूबाजूला चाचपून बघितलं, कुणाच्या हाताची खूण दिसते का. काही नव्हतं. पत्रा जागेवर ओढून तिनं त्याच्यावर दगड ठेवला आणि खाली उतरली.

"आता काढायलीस ना घोडा?" अंबिकानं विचारलं.

"वाळू दे," म्हणून ती भाकरी थापायला बसली.