जिन्याखालची जागा

माझ्या मामीला पाच मिनिटं स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नाही, आणि धंदा मात्र बसून करायचा. चौकातल्या बँकेच्या जिन्याखाली मशीन मांडून एकोणीस वर्षं ती बॅगांच्या चेन दुरुस्त करत आली. तुटलेला रनर, उसवलेला पट्टा, फाटलेलं दप्तर. सगळा चौक तिला चेनबाई म्हणायचा. शिवताना ती सारखी चुळबुळ करायची, मधेच उठून उभी राहायची, पुन्हा बसायची. "मावशी, पायाला भिंगरी लागलीय का?" असं गिऱ्हाईक विचारायचं. ती हसून विषय बदलायची.

मी मामीकडेच राहते आणि त्याच चौकात कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. मला कारण माहीत होतं, कारण माझंही तेच होतं. चौकात बायकांना जायला कुठेच सोय नव्हती. सकाळी घरून निघताना जायचं, ते संध्याकाळी घरी पोचल्यावर. मधले दहा तास पाणी ओठ ओले करण्यापुरतं.

शेवटी मामीला मूतखडा झाला. दुखण्याने ती मशीनवरच वाकली, आणि मी रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर म्हणाले, "रोज तीन लिटर पाणी प्यायला हवं."

"पिईन की. पण मग जाऊ कुठे?"

डॉक्टरांनी खाली मान घालून गोळ्या लिहून दिल्या.

त्याच सुमारास पालिकेची नोटीस लागली. चौक नव्याने बांधायचा होता, आणि तोही लोकांना विचारून. वाचनालयाच्या सभागृहात टेबलभर नकाशा पसरला होता. पालिकेची एक तरुण अधिकारी, चष्मा डोक्यावर सरकवून, सगळ्यांना हिरव्या चिठ्ठ्या वाटत होती. तिला आम्ही नकाशेवाली म्हणायला लागलो. ज्याला जे हवं ते लिहून त्या जागी चिकटवायचं. बघता बघता नकाशा हिरवागार झाला. गाड्या लावायला जागा, कारंजं, दिवे, बाकं. मामीनेही लिहिलं, पण चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली.

"लावली का नाहीस?" वाटेत मी विचारलं.

"घड्याळवाले काका शेजारी उभे होते गं. त्यांच्यादेखत कशी लावू?"

पुढचे पंधरा दिवस तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रनर उलटे बसवायची, मग स्वतःवरच चिडायची. बसस्टॉपवरच्या मामाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला नव्हे, तर सगळे ज्याला मामा म्हणतात त्या कंट्रोलरला, तिने विनाकारण झापलं. मग एके दिवशी मशीनवर कापड टाकून ती उठली आणि चौकातल्या बायकांना गाठत सुटली. एकच प्रश्न. "आज शेवटचं पाणी कधी प्यालीस?"

आमच्या दुकानातल्या पोरी आधी खिदळल्या, मग एकेक करून वेळ सांगायला लागल्या. बसच्या तिकीटखिडकीवरची बाई म्हणाली, "सातला, घरी." फुलवाली म्हणाली, "आज? अजून नाही." वहीच्या एका पानावर चौतीस जणी झाल्या.

दुसऱ्या सभेत मामी उभी राहिली. तिने चौतीस उत्तरं वाचून दाखवली. पुरुष मंडळी पंख्याकडे बघायला लागली. घड्याळवाले काका हळूच म्हणाले, "अहो बाई, असले विषय चारचौघांत..."

"चारचौघांत बोलायलाच तर बोलावलंय ना आपल्याला?"

मागे कुणीतरी टाळी वाजवली. सोय व्हायलाच हवी, हे मग सगळ्यांनी मान्य केलं. पण घोडं पेंड खात होतं जागेपाशी. नकाशेवालीने पेन्सिल टेकवली. "इथे?" नको, माझ्या दाराशी वास येईल. "इथे?" इथे गाड्या लागतात. "बागेच्या कडेला?" तिथे म्हातारी माणसं बसतात. जसं काही म्हाताऱ्या माणसांना कधी लागतच नाही! पेन्सिल चौकाला पूर्ण फेरी मारून आली, तेव्हा एक दुकानदार म्हणाला, "बँकेच्या जिन्याजवळ करा की. ड्रेनेजची लाइन तिथूनच जाते. जागाही मोकळीच दाखवलीय."

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे पाचही मुखं मामीच्या जागेकडे वळली.

मामी बसली, परत उठली. "मोकळी नाही ती. तिथे मी बसते."

नकाशेवालीने पेन्सिल उचलली. "मग आपण दुसरी..."

"दुसरी कुठली? आत्ताच सगळं फिरून झालं ना? करा तिथेच." हे ती काही मोठ्या मनाने म्हणाली नाही. भांडून दमलेलं माणूस म्हणतं, तसं म्हणाली.

घरी मामा भडकला. तो बसडेपोत फिटर, बोलणं हातोड्यासारखं. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. कुणी सांगितलं होतं?"

"मग तुम्ही सांगा जागा. सांगा ना!"

मामा चप्पल घालून बाहेर निघून गेला. पण ती जिंकली असंही नाही. पोळी लाटताना, केस विंचरताना ती मला विचारायची, "मी घाई केली का गं?" एकदा तर दिलेला होकार मागे घ्यायला पालिकेत गेली, दारापर्यंत पोचली आणि तशीच परत आली.

बांधकामाला चौदा महिने लागले. चार खोल्या झाल्या, एकीत धरायला दांडा, बाहेर नळ. आमच्या दुकानातल्या पोरी आता टेबलावर बाटल्या ठेवतात. घड्याळवाल्या काकांच्या बायकोने कित्येक वर्षांत दुकानाचं तोंड पाहिलं नव्हतं. ती आता दुपारी येऊन त्यांच्या शेजारी बसते. काका एकदा मामीकडे धडधाकट पट्ट्याची पिशवी घेऊन आले. "जरा टाके घाला," म्हणाले. मामीने मुकाट्याने घातले.

मामीला जागा मिळाली ती तिकीटखिडकीच्या मागे. तिथे वारा अंगावर येतो आणि जुनी गिऱ्हाइकं शोधत फिरतात. निम्मी शोधतही नाहीत. वर छप्पर नव्हतं. दर सोमवारी ती नकाशेवालीसमोर जाऊन उभी राहायची. अखेर गेल्या महिन्यात पत्रा आला, पण जेमतेम मशीनपुरता. गिऱ्हाईक उन्हातच.

छपरासाठीचा तिसरा अर्ज तिने काल माझ्याकडून लिहून घेतला. "'कृपया' घालू का?" मी विचारलं.

"आधीच्या दोन्हींत घातलं होतं," ती म्हणाली. "आता नको."