चक्कीशेजारचं मशीन

त्या दिवसांत वारा अगदी पडला होता. दसऱ्याच्या तोंडचं ऊन, कर्जतच्या पत्र्यांवर हात टेकवत नव्हता, आणि आमच्या पुढच्या खोलीत मशीन तापून घुरघुरत होतं. मंदाच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, त्या कंप्युटरचे किस्से एवढे साठलेत, की एक काढला तर चार मागून येतात. मी काही शिकलेला माणूस नाही. हयात विहिरी खोदण्यात गेली. पण त्या मशीनपाशी बसलो मात्र भरपूर.

गावच्या दूध डेअरीला पावत्या मराठीतून छापून हव्या होत्या. ते काम मिळालं तर मंदानं घरात काढलेला कंप्युटरचा क्लास टिकणार होता, नाहीतर तिला पुण्याला मामाकडं धाडायचं घरात ठरत आलं होतं.

तयार प्रोग्राम आम्हाला परवडत नव्हता. तिच्या पुण्याच्या मैत्रिणीनं तसल्याच प्रोग्रामची एक सीडी दिली. फुकट. पण कच्ची.

"म्हंजे कसं?" मी विचारलं.

"धान्य फुकट, आबा. दळायचं आपलं आपुन. नुसता लिवलेला प्रोग्राम हाय, मशीननं दिसभर दळला की मग चालतो."

* * *

पहिल्या दिवशी ओळी पळायला लागल्या. तासाभरानं मशीन थांबलं. एरर.

शेजारचा रंगनाथ, पिठाच्या चक्कीवाला, दारातच उभा होता. "फुकटचं ते असंच आस्तंय. पोरीचं लगीन लाव, दादा."

मंदानं मान वर केली नाही. "एक फाईल शोधतंय, त्याला घावंना. जागा दावते त्याला."

जागा दाखवली. पुढं जाऊन दुसरीकडं अडलं. तिथलं काढलं, तर तिसरं निघालं.

मी रंगनाथला म्हणालो, "पहिल्या सुरुंगाला कुठल्या हिरीला पानी लागलंय रे?"

* * *

दसऱ्याला माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, घरातल्या पहारी, टिकाव, कोयता पुजला. मशीनही हत्यारच. त्यालाही हळदकुंकू, आणि झेंडूची भरगच्च माळ, पाठीमागून अगदी नेटकी.

पाठीमागं त्याचा पंखा. दुपारपर्यंत मशीन असं तापलं, की आपोआप बंद पडलं.

मंदा माळ काढायला लागली तशी आक्का फणकारली, "देवाधर्माचा राग येतो व्हय त्याला?"

"माळ चालती, आत्या. फकस्त नाकावर नको."

* * *

डेअरीचे चेअरमन बघायला आले. पडद्यावर इंग्रजी ओळी धावताना बघून म्हणाले, "ह्यात मराठी कुठाय?"

"पेरलंय. उगवल्यावर बोलवते."

"नगरचा मानूस तयार आणून देतोय."

"देऊ द्या. बंद पडलं की नगरहून तो येईस्तोवर दूध थांबवा."

चेअरमन माझ्याकडं बघायला लागले, मी काही समजावून सांगीन म्हणून. मी चहा पुढं केला. शेवटी उठता उठता म्हणाले, "बाजाराच्या दिवसापर्यंत थांबतो. सांजच्याला पावती दिसली पायजे."

* * *

आणि मग मशीन येड्यासारखं करायला लागलं. आता चूक काय तेही सांगेना. दळण मधेच तुटायचं. पुन्हा लावलं, की भलतीकडंच तुटायचं.

मंदा म्हणाली, "रोज एकाच ओळीला अडलं आसतं तर चूक लिहिण्यात म्हनली आसती. हे जागा बदलतंय. दुखनं भायेरचं हाय."

बाजाराच्या आदल्या दिवशी रंगनाथ आमच्याकडं बसून तंबाखू मळत होता. "अजून किती डोकं फोडायचं, मंदे? मशीन न्हाई म्हनतंय ना?"

"त्यानं न्हाई म्हनावं. मी कुठं म्हनलंय?"

तेवढ्यात पलीकडं त्याच्या बायकोनं चक्की सुरू केली. आमचा बल्ब मिणमिणला. मशीनवरचं दळण तुटलं.

तिघंही बल्बकडं बघत राहिलो. रंगनाथनं तंबाखू तशीच झाडली आणि उठून गेला.

मी उठणार, तर मंदानं हात धरला. "मागायचं न्हाई, आबा. चक्कीवर त्याचं पोट हाय."

दुसऱ्या दिवशी बाजार. चक्कीचा सगळ्यात मोठा दिवस. मंदानं सकाळीच पुन्हा पहिल्यापासून लावलं. ओळी पळत राहिल्या. दुपार कलली तरी पळतच होत्या. बल्ब एकदाही हलला नाही.

मी बाहेर आलो. चक्कीपुढं डबे घेऊन बाया उभ्या, आणि "लाईट हाय की, मग?" म्हणून कालवा चाललेला. रंगनाथ बंद दाराला पाठ लावून पायरीवर बसला होता. मला बघून त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं.

"हितं काय बघतोस, दादा? जा, बस तिच्यापाशी. आज पोरीचं दळन आधी."