न पेटलेली बिडी

लहरीमामांविषयी मी लिहावं की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी त्यांच्या नात्यातला नाही आणि लिहिणाराही नाही. आमच्या घरात लिहिण्याचा संबंध आजवर सहीपुरताच आला. मामांच्या गाडीत माझ्याहून कितीतरी वर्षं जास्त बसलेले लोक गावात आहेत. त्यांच्यापैकी कोणी लिहिलं असतं तर मी ते आनंदाने वाचलं असतं. पण ते लिहिणार नाहीत, आणि मला जे शेवटी कळलं ते नुसतं मनात ठेवणं मला जमत नाही. म्हणून आधीच माफी मागतो.

मामा म्हटलं की मला त्यांची मान आठवते. गाडी चालवताना त्यांचे डोळे रस्त्यावर असत आणि डावा कान रेडिओकडे झुकलेला असे. या सवयीने त्यांची मान कायमची थोडी डावीकडे कलली होती. समोर येऊन ‘जयभीम’ केला तरी हा माणूस आणखी काहीतरी ऐकतो आहे, असंच वाटे.

आमच्या गावाहून कळंबमार्गे यवतमाळला त्यांची काळी-पिवळी जीप चाले. सकाळच्या पहिल्या फेरीने मी कॉलेजला जात असे. लहरीमामा हे नाव लोकांनी त्यांच्या स्वभावावरून ठेवलं होतं. रस्त्यात कोणाच्या शेळीला पिल्लं झालेली दिसली तर ते भरली गाडी थांबवून बघायला उतरत. कोणी फार कटकट केली तर त्याला कळंबच्या अलीकडेच उतरवत. मामांनी मात्र त्या नावाचा अर्थ आपल्या सोयीने लावला होता. ते म्हणत, “लहरी म्हंजे रेडिओच्या लहरी. लोकायले त्या ऐकू येतात, मले दिसतात.” बढाई मारण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण ही एक गोष्ट मी खरी मानत होतो.

मी कॉलेजला जायला लागलो त्याच वर्षी त्यांच्या मुलीला, प्रज्ञाताईला, यवतमाळच्या रेडिओ केंद्रावर निवेदनाचं काम मिळालं. दर मंगळवारी सकाळी शेतीच्या कार्यक्रमात तिचा आवाज येणार होता. नेमकी तेव्हा आमची गाडी कळंब सोडून पुढे गेलेली असे. मामांचं शेत नव्हतं. पण त्या मंगळवारी गाडी जणू बोंडअळीचा उपाय ऐकण्यासाठीच निघाली आहे, अशा थाटात त्यांनी रेडिओ लावला आणि आवाज मोठा केला. आली ती नुसती खरखर. तिच्या आत कुठेतरी एका बाईचा आवाज बुडत होता.

“लहरी, रेडिओ लावला का पापड तळून राह्यला?” मागून शेवंताबाईने विचारलं. ती भाजीची टोपली घेऊन रोज यवतमाळच्या बाजारात जायची.

“तळून झाले का तुलेच देतो. बस गुमान.”

“मोबाइलवर ऐक ना गा पोरीले.”

“मोबाइलवर मी एकटा ऐकीन,” मामा म्हणाले. “बाप हाव मी तिचा. मले धा लोकायच्या मधात बसून ऐकायचं हाये.”

त्यानंतर त्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. एरियल बदललं. मग एरियलला तांब्याची तार जोडून ती टपावरून मागच्या शिडीपर्यंत नेली. एका सकाळी एरियलच्या टोकाला स्टीलची चाळणी बांधलेली दिसली. शेवंताबाईने तीत पोहे धुवून देण्याची विनंती केली, तेव्हा ती निघाली. एरियल जिथे पत्र्यात बसतं तिथला रंग त्यांनी पॉलिश पेपरने घासघासून काढला. “लोखंडाले लोखंड भिडलं पाह्यजे. मधात रंग कायले?” त्याने थोडा फरक पडल्यासारखा वाटला, पण मंगळवारी पुन्हा तेच. शेवटी जुना दुसरा रेडिओ आणून बसवला. तोही तसाच खरखरला. पूर्वी तर सगळं साफ लागायचं, असं सगळेच म्हणत. कोणी नव्या विजेच्या तारांना दोष देई, कोणी मोबाइलच्या टॉवरला. मामा काही बोलत नसत. बढाईखोर माणूस गप्प बसला की पाहवत नाही.

मी हे सगळं त्यांच्या शेजारून पाहत होतो, कारण पुढची सीट माझी होती. ती त्यांनीच दिली होती. आमच्या वस्तीत रात्रीची वीज बेभरवशाची. सर नोट्स फोनवर पाठवत आणि माझा फोन सकाळी बंद पडलेला असे. सुरुवातीच्या दिवसांत मी त्याचं बटण उगाच दाबत बसलो होतो. मामांनी ते पाहिलं.

“काय गा कॉलेज, बॅटरी मेली? लाव इथं.” बिडी पेटवायचं लायटर त्यांनी डॅशबोर्डच्या खाचेतून उपसून बाजूला ठेवलं. “शिकणाऱ्याची बॅटरी उतरली नाही पाह्यजे.”

दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या स्टँडबाहेरच्या हातगाडीवरून मी त्या खाचेत बसणारा चार्जर घेतला. तेव्हापासून तासभर माझा फोन मामांच्या गाडीवर चाले आणि मी त्यावर वाचत असे.

मी संकोची आहे, हे इथे सांगायला हवं. एकदा शेवंताबाई गमतीने म्हणाली, “कॉलेज रोज पुढे बसते, गाडी इकत घेतली वाटते.” दुसऱ्या दिवसापासून मी मागे दाराशी बसू लागलो. फोन बंद तर बंद. मामांनी एक दिवस जाऊ दिला. पुढच्या सकाळी सीटा भरल्या तरी ते गाडी सुरू करेनात. लोक ओरडू लागले. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, “इंजिन कॉलेजच्या वजनावर चालते. तो पुढे आला का निघू.” मी खाली मान घालून पुढे गेलो, तेव्हा त्यांनी किल्ली फिरवली.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. कळंब सोडलं की एक चढ लागतो. त्याच्या वळणावर एक वाकडा पळस आहे. त्या मंगळवारी रेडिओ नेहमीसारखा खरखरत होता. पळस दिसताच मामा ताठ बसले. “आता उतरतात पाहा लहरी,” ते म्हणाले. त्यांनी खिशातून एक बिडी काढून ओठांत धरली. माझा चार्जर उपसून मांडीवर ठेवला आणि त्याच्या जागी लायटर खोचलं. गाडी वळली. पाट बंद केल्यावर पाणी थांबतं तशी खरखर थांबली, आणि गाडीभर स्वच्छ आवाज आला, “नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.”

कोणी काही बोललं नाही. शेवंताबाईसुद्धा नाही. प्रज्ञाताई हवामान सांगत होती, कपाशीवर काय फवारायचं ते सांगत होती, आणि मागे सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते. मामांची मान डावीकडे कलली होती. बिडी ओठांतच राहिली, ती त्यांनी पेटवली नाही. लेकीचा आवाज चालू असताना धूर नको, असा मान ते राखत असावेत असं मला वाटलं. कार्यक्रम संपला तशी त्यांनी बिडी खिशात ठेवली आणि चार्जर परत लावून दिला. “वळणाची हद्द संपली,” ते म्हणाले. रेडिओ पुन्हा खरखरू लागला.

मग दर मंगळवारी असंच. पळस, बिडी, लहरी. कॉलेजात मी हे सांगितलं तेव्हा मित्र हसले. मी वाद घातला नाही, पण मामांवरचा विश्वास सोडला नाही. एकदा तर सायकलने जाऊन मी त्या पळसाखाली उभा राहिलो आणि बराच वेळ वर आभाळात पाहिलं. मला काही दिसलं नाही. मामांना दिसतं, एवढं मात्र पक्कं वाटत होतं.

दुसऱ्या वर्षानंतर मला यवतमाळला वसतिगृहात जागा मिळाली आणि गाडी सुटली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मामा खोकत होते. “मंगळवारी रेडिओ लावत जाय,” एवढंच म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला कळायला आणि पोहोचायला उशीर झाला.

ती गाडी आता त्यांचा भाचा प्रफुल चालवतो. परवा सुट्टी संपवून परत जाताना मी तिच्यात बसलो. मंगळवार होता. मागे शेवंताबाई होतीच. प्रफुलने पुढची सीट दाखवली. सवयीने मी पिशवीतून चार्जर काढला.

“ते लावू नको गा, रेडिओ खरखरते,” प्रफुल म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. “नाही नाही. लाव, लाव. मामानं गाडी देताना बजावलं होतं, तुले बोलायचं नाही म्हणून.”

मला कळेना.

“दिवाळीत तू नव्हता, तवा रेडिओ साफ लागला,” तो म्हणाला. “सुट्टी संपली, तू बसला, का पुन्हा पापड. मामाच्या ध्यानात आलं, हे चार्जरचं काम होय. मी म्हटलं, मग सांग ना त्याले. तं म्हणे, लाजरं पोरगं हाये. सांगतलं तं मांगं जाऊन बसन अन् पुन्हा कधी फोन लावणार नाही.”

“आणि पळसाचं वळण?”

मागून शेवंताबाई म्हणाली, “पोरीचा टाइम होये ना बापा तिथं. आमाले सगळ्याईले ठाऊक होतं. तू एकटाच आभाळात पाहे.”

चार्जर माझ्या हातातच होता. मग मी विचारलं, “पण मामा तर बिडी पेटवायला ते काढत होते.”

“बिडी?” प्रफुल म्हणाला. “ते तं त्यानं त्याच्या पहिलेच सोडली होती, प्रज्ञाताईनं शपथ घातली तवाच. एकच होती, खिशात ठेवे. दर मंगळवारी तेच काढे.”