एलियाहूला फोडणीचे पोहे

किहीमच्या किनाऱ्याला, नारळीच्या सावलीत, एझ्रा किहीमकरचा आजा तेलाचा घाणा चालवत असे. शनवारी बैल सुटा आणि घाणा गप्प, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. ही माणसं ज्यू, बेने इस्राएल; शनवार त्यांच्या धर्मात विसाव्याचा. फुटलेल्या गलबतातून वाचून किनाऱ्याला लागलेल्यांची लेकरं. कोकणच्या मातीत अशी मुरली की देवाला हाक हिब्रूत आणि शेजाऱ्याशी भांडण मराठीत.

त्याच घरातला एझ्रा २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी, विद्यापीठात, कादंबरी लिहायला शिकायला गेला. माणूस भारी गमत्या. कॅम्पसच्या बसमध्ये कुणी हसलं नाही, तर त्याला बस रिकामीच वाटे. मात्र "मी ज्यू आहे" म्हटलं की समोरचा विचारी, "धर्म कधी बदललास?" सुरुवातीला तो गलबतापासून सगळी कथा सांगे. पुढं थकला. पदवीसाठी कॉलेजातल्या मास्तरांची नि पोरांची विनोदी कादंबरी इंग्रजीत लिहायला घेतली, तेव्हा नायक केला न्यूयॉर्कचा ज्यू मुलगा. त्याच्याकडे कुणी दाखला मागणार नव्हतं.

कादंबरी तपासणाऱ्या नेओमी ब्राउनस्टाइन बाई स्वतः ज्यू, न्यूयॉर्कच्याच. त्यांनी कागद मिटले.

"सफाईनं लिहिलंयस. हा मुलगा राहतो ती गल्ली पाहिलीयस?"

"एकदा. बस चुकली होती म्हणून."

"आणि याची आई? ती कुणाची आई?"

"ऐकीव आहे, प्रोफेसर."

त्या हसल्या नाहीत. "विनोदी कादंबरी म्हणून सही करायची, तर मला एकदा तरी हसू यायला हवं. एप्रिलपर्यंत बघ."

सही नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर परतीचं विमान. एझ्रानं अलिबागला आईला, शेगुलाबाईंना, फोन लावला.

"एलियाहूला मलिदा बोल," ती म्हणाली. एलियाहू संदेष्टा त्यांच्या नवसाला पावतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, असा त्याचा गोड मलिदा. "आपल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या घोड्याचे खूर उमटलेत. तिथवरही येईल."

"आई, इथं बर्फ पडतंय."

"मग दार उघडं ठेवू नकोस. नुसतं लोटून ठेव."

नवसाला माणूस बोलवावा, तर जवळपास ज्यू म्हणून ओळखीच्या बाईच. त्यानं भीत भीत त्यांनाच सांगितलं. रविवारी जर्सी सिटीच्या देशी दुकानातून मागवलेले पोहे भिजवून चाळणीत निथळत ठेवले आणि नारळ आणायला तो बाहेर पडला.

खोलीत त्याच्याबरोबर राहणारा परीक्षित नागपूरचा. उठून पाहतो तर पोहे भिजलेले, पाहुणे यायचे, आणि घरधन्याचा पत्ता नाही. नागपूरचा माणूस भिजले पोहे बघून हात बांधून बसेल कसा? त्यानं कांदा चिरला, मिरच्या तोडल्या, मोहरी तडतडवली.

एझ्रा परतला तेव्हा जिन्यापर्यंत खमंग वास आला होता. मागोमाग लोटलेलं दार ढकलून बाई आत.

"परीक्षित, हे काय केलंस यार?"

"अर्धवट टाकून गेला होतास, पुरं केलं. लिंबू पिळायचं राहिलंय."

"अरे, तो नवसाचा मलिदा होता. गोड. एलियाहूचा."

परीक्षितचा चेहरा पडला. मग म्हणाला, "दोन हजार वर्षं गोडच खातोय ना बिचारा? तिखट कधी कुणी विचारलंय त्याला?"

बाईंनी इंग्रजीत विचारलं, झालंय काय. एझ्रानं खाली मान घालून सगळं सांगितलं. हे फेकून द्यावेत तर दुसरे पोहे नव्हते. त्यानं डोक्यावर टोपी घातली, पोह्यांभोवती फळं मांडली आणि आजाच्या चालीत एलियाहूची आळवणी धरली. बाई दचकल्या. शब्द त्यांच्याच घरातले होते. शनवार मावळताना त्यांचे वडील हेच गात, फक्त चाल वेगळी. हळूहळू त्यांचा आवाज एझ्राच्या आवाजाला येऊन मिळाला, आणि दोन चाली काही वेळ जोडीनं चालल्या.

मग घास घेऊन त्यांनी मिरची चावली. डोळ्यांत पाणी आलं. "संदेष्टा आज घोडा जोरात हाकणार," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी एझ्रानं न्यूयॉर्कच्या मुलाला मानानं निरोप दिला. नवा नायक किहीमचा. घाण्याच्या घरातला, विद्यापीठात प्रत्येकाला आपलं ज्यूपण पटवून देता देता घामाघूम झालेला. आईही आता ऐकीव नव्हती. दार लोटून ठेव म्हणणारीच होती.

एप्रिलात बाई बंद दाराआड नवी कादंबरी वाचत होत्या आणि एझ्रा बाहेर बाकावर बसला होता. बराच वेळ नुसते कागद उलटल्याचे आवाज. मग आत खुर्ची करकरली, काहीतरी दाबून धरल्यासारखा आवाज आला आणि तो फुटलाच. बाई मोठ्यानं हसत होत्या.

दार उघडलं. त्या चष्मा पुसत होत्या.

"पेन आहे का तुझ्याकडे?"