पासचं लॅमिनेशन

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धंदे बदलले असं म्हणणं बरोबर नाही. धंदेच त्यांना सोडून गेले. निफाडच्या स्टँडसमोर त्यांचा एक गाळा होता. तिथे त्यांनी आधी बर्फाची कँडी विकायला ठेवली. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तिने पहिल्याच हिवाळ्यात कँडीचा निकाल लावला. मग मेणबत्त्यांचे साचे आणले, तर अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे त्या वर्षी मुद्दाम लाइट जायचे बंद झाले. शेवटी त्याच गाळ्यात झेरॉक्सचं मशीन आलं आणि ते रडतखडत का होईना, टिकलं.

माझे मामा विंचूरला कांद्याचे आडतदार. दर भाऊबीजेला ते जेवायला येत आणि जेवून मोरीपाशी हात धुताना न चुकता विचारत, "मग दाजी, येता का माझ्याकडं? गादीवर बसायचं, पावत्या फाडायच्या. डोक्याला ताप नाय." अण्णा हसून टॉवेल पुढे करत आणि पाऊसपाण्याचं काहीतरी बोलत. मेव्हण्याच्या गादीवर मेव्हण्याचा नोकर होऊन बसायचं, या कल्पनेनेच त्यांची रात्रीची झोप उडायची.

मी नाशिकच्या कॉलेजात जायला लागले त्या पावसाळ्यात त्यांनी लॅमिनेशनचं मशीन आणलं. आईने ते बघितलं, पदर खोचला आणि सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघते. नाय चाललं तर गपगुमान विंचूरला जायचं. दादाला मीच सांगणारे."

त्यानंतर घरात कागदाचं म्हणून जे काही सपाट होतं ते सुरक्षित राहिलं नाही. रेशनकार्ड गेलं, माझी दहावीची मार्कशीट गेली, आई-अण्णांच्या लग्नाची पत्रिका गेली. पिंपळाचं एक पानही गेलं. मशीनचा हिरवा दिवा लागला की अण्णांच्या हाताला चैन पडायची नाही. गिऱ्हाईक मात्र येत नव्हतं. लोक म्हणत, कागद हाय तो, त्याला काय प्लास्टिकचा रेनकोट घालायचा?

अशात माझा एसटीचा पास निघाला. हा पास म्हणजे जाड कागदाचं कार्ड. पुढे फोटो, मागे महिन्यांची घरं. दर महिन्याला स्टँडवरच्या काउंटरला पैसे भरायचे की त्या महिन्याच्या घरात तारीख आणि शिक्का मिळायचा. रोज तिकीट काढून नाशिकला जायचं म्हटलं असतं तर माझं कॉलेज आठ दिवसांत आटोपलं असतं. त्यामुळे पास जपायचा, हे मला बजावून बजावून सांगितलेलं. पण पासवाल्यांचे पास जपले जात नसत. ते घामाने मऊ पडत, डब्यातल्या लोणच्याचं तेल पिऊन पारदर्शक होत, आणि उन्हाळ्यापर्यंत फोटोतला माणूस ओळखू येईनासा होई.

"आण इकडं," अण्णा म्हणाले. हिरवा दिवा लागला, गरम प्लास्टिकचा वास सुटला, आणि माझा पास आरशासारखा चकचकीत होऊन बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरने तो हातात घेतला आणि पुढे सरकायचंच विसरला. "कुठं केलं हे?"

"आमच्या अण्णांनी."

"लय भारी," तो म्हणाला. मग पास गाडीभर हातोहात फिरला आणि चांदोरी ओलांडल्यावर माझ्याकडे परत आला. लोणचं लावून बघायचा विचार एकाने बोलून दाखवला, तो आम्ही हाणून पाडला.

त्या संध्याकाळी सकाळची अख्खी गाडी अण्णांच्या गाळ्यासमोर उभी होती. अण्णांनी तेवढ्यात पुठ्ठ्यावर पाटीही रंगवली: 'पास लॅमिनेट करून मिळतील. घाम, पाऊस, लोणचं, कशाचीही भीती नाही.' त्या महिन्यात ते शीळ घालत घरी येत. आई काही बोलत नसे, पण भाजीत तेल जरा जास्त पडायला लागलं होतं.

यात काय चुकतंय हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. अण्णांनी जन्मात पास काढला नव्हता, त्यांचं समजू शकते. मी नवखी होते. पण गाडीत शेवटच्या वर्षाची मुलं होती, दोन-तीन वर्षं दर महिन्याला शिक्के मारून घेतलेली. त्यांनीही आपले पास हौसेने प्लास्टिकमध्ये बंद करून घेतले. पुढच्या महिन्याचा विचार कॉलेजात कोण करतो?

पुढचा महिना आला. काउंटरच्या रांगेत सगळ्यांत पुढे मीच होते. कारकुनाने पैसे घेतले, पास उलटा केला, शिक्का शाईवर दाबून ऑगस्टच्या घरात मारला. शिक्का बसला आणि बसल्याबसल्या घसरला. त्याने अंगठ्याने पुसून पुन्हा मारला. पास जांभळा झाला, अंगठा जांभळा झाला, ऑगस्ट कोराच राहिला.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं. मग मान उंच करून माझ्यामागची रांग बघितली. रांगेत सगळ्यांच्या हातात तसंच चकाकत होतं. कुणी नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना रस्त्यापलीकडे वळल्या. तिथे गाळ्याच्या दारात अण्णा उभे होते. एवढे लोक एकदम आपल्याकडे कौतुकाने बघतायत असं वाटून त्यांनी हात हलवला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रस्ता ओलांडून त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी गल्ल्यातून ब्लेड काढलं आणि काउंटरपाशी येऊन म्हणाले, "घाबरू नका, आत्ता उघडून देतो." सुरुवात अर्थातच घरच्या पासपासून झाली. मागच्या बाजूचं प्लास्टिक त्यांनी कापलं आणि हलकेच वर ओढलं. त्याच्याबरोबर कागदाचा वरचा पापुद्राही आला. अण्णांनी ते प्लास्टिक उजेडात धरलं. ऑगस्टपासून एप्रिलपर्यंतची सगळी घरं त्याच्यावर स्वच्छ चिकटली होती.

"पुढच्यांचं जपून करतो," ते म्हणाले. पण पुढे कुणी आलं नाही.

त्या दिवशी सगळ्या पासवाल्यांनी तिकीट काढलं. गाडीत मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णांना सांग, आता तिकिटं पण लॅमिनेट करा म्हणावं." गाडी हसली. एरवी मीही हसले असते. पण मला अण्णांचा हात हलवतानाचा चेहरा दिसत होता आणि त्या हसणाऱ्यांचा संताप येत होता. नाशिकला उतरेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

संध्याकाळी घरी आले तर अण्णा माझा सोललेला पास घेऊन बसले होते. आई शिलाई मशीनवर कुणाचं तरी ब्लाउज शिवत होती. पास खाली ठेवून अण्णा म्हणाले, "दिवाळीची वाट कशाला बघायची? तू दादाला निरोप धाड. जातो मी विंचूरला."

आईचं मशीन थांबलं. मला वाटलं, झालं. पण ती म्हणाली, "ते प्लास्टिकचं कोरं पाकीट आणा बरं एक."

अण्णांनी आणून दिलं. आईने ते मांडीवर पसरलं. "अहो, ब्लाउजचा गळा कधी कापतात? शिवायच्या आधी का शिवल्यावर?"

"आधी," अण्णा म्हणाले.

"मग?"

तिने कुणाच्या तरी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा फर्मा केला, माझ्या पासवरच्या घरांच्या मापाचा. तो पाकिटाच्या मागच्या बाजूवर ठेवून खडूने रेघ मारली आणि कात्रीने चौकोन कापून काढला. आत लाइटचं एक जुनं बिल घातलं. अण्णांनी मशीन लावलं. बिल बाहेर आलं ते सगळीकडून बंद आणि मागे खिडकीएवढं उघडं. आईने कुंकवात अंगठा बुडवून त्या उघड्या कागदावर टेकवला. अंगठा पक्का उमटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या गाडीत चढले. नवीन कार्डासाठी कॉलेजचा दाखला लागणार होता, तो आणायला येतो म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. गाडी सुटल्यावर ते दांडा धरून मधोमध उभे राहिले. "पोरांनो, चूक माझी हाय. नवीन पासला मागं खिडकी ठेवून देतो. पैसे घेणार नाय."

कंडक्टर म्हणाला, "अण्णा, आधी तिकीट घ्या." मग सगळी गाडी हसली, अण्णाही हसले, आणि या वेळी मला त्या हसण्याचा राग आला नाही.

नवीन कार्डं निघाली आणि खिडक्या घेऊन चकचकीत झाली. कारकुनाने माझ्या पासवर शिक्का मारला, अंगठा फिरवून बघितला आणि नुसती मान डोलावली. नवरात्रापर्यंत शेजारच्या सायखेड्याची मुलंही अण्णांकडे यायला लागली. पाकिटं कापायला आई बसायची, ब्लाउजं पडून राहायची.

भाऊबीजेला मामा आले, जेवले, मोरीपाशी गेले. "मग दाजी," हात धुता धुता ते म्हणाले, "येता का माझ्याकडं?"

अण्णा टॉवेल घेऊन उभे होते. त्यांनी नेहमीसारखं हसायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी स्वयंपाकघरातून आई बोलली.

"दादा, त्यांना नाय जमायचं. सुट्टी संपली की सायखेड्याची पोरं येतील. अन् एवढ्या खिडक्या मला एकटीला कापून होत नाय."

अण्णांनी हातातला टॉवेल स्वतःच्याच तोंडावरून फिरवला आणि बराच वेळ फिरवत राहिले. मामा ओले हात घेऊन तसेच उभे होते.