फेलिक्साची बदकं

लेओकादिया आणि फेलिक्सा या दोघी बहिणी पोलंडमधल्या नारेव नदीच्या काठी, पुलाजवळच्या लाकडी घरात राहायच्या. लग्न दोघींनीही केलं नाही. गावातल्या निम्म्या घरांतल्या पिसांच्या दुलया लेओकादियाच्या हातच्या होत्या. फेलिक्साचा जीव मात्र नदीवरच्या रानबदकांत. थंडी पडली की रोज सकाळी ती काठावर जाऊन जवाचे दाणे टाकायची.

"निघालीस का माहेरवाशिणींना जेवू घालायला?" लेओकादिया आतूनच चिडवायची.

ऑक्टोबरात फेलिक्सा गेली. मातीला आलेली माणसं गरम सूप पिऊन आपापल्या घरी परतली. त्यानंतर लेओकादियाच्या तोंडून दिवसचे दिवस शब्द निघेना. दुकानातसुद्धा ती बोटानंच पाव दाखवायची.

बदकं मात्र यायचीच. काठाशी येऊन घराकडे तोंड करून थांबायची. आधी आधी तिनं पडदा ओढून घेतला. मग एके दिवशी तिला ते बघवेना. कोठीतला जवाचा डबा काढून ती खाली गेली, दाणे टाकले आणि परत आली. तेव्हापासून रोज जाऊ लागली.

जानेवारीत नदी गोठली. पुलाखालच्या वळणावर तेवढं पाणी उघडं राहिलं. बदकं त्यात रात्रंदिवस पोहत राहायची, म्हणून ते गोठत नव्हतं. पण ते डबकंही आकसत चाललं होतं. त्यांच्या अंगाची तिला काळजी नव्हती. वरची तेलकट पिसं पाणी आत येऊ देत नाहीत आणि खालची मऊ पिसं ऊब धरून ठेवतात, हे दुलया शिवणारीला कुणी सांगायला नको. पण त्या उघड्या, नारिंगी पायांचं तिला काही कळेना.

एका सकाळी एक मादी बर्फावर बसलेली दिसली. चोच पाठीत खुपसलेली, पाठीवर पांढरं हिम साचलेलं. दुपार झाली तरी ती तशीच. पाय बर्फाला चिकटले, असं लेओकादियाच्या मनानं घेतलं. कोमट पाण्याची किटली घेऊन ती बर्फावर उतरली.

"लेओकादियाबाई, मागे फिरा. तिथला बर्फ पातळ आहे," पुलावरून झेनोन ओरडला. शेजारचा हा म्हातारा पूर्वी गुरांचा डॉक्टर होता.

तेवढ्यात बर्फ तडकला. तिचा एक पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला आणि किटली घरंगळत गेली. बदकांचा सगळा थवा फडफडत उडाला. ती चिकटलेली मादीसुद्धा उडाली. लेओकादिया रांगत रांगत काठाला आली.

झेनोननं तिला आपल्या स्वयंपाकघरात नेलं, शेगडीशी बसवलं आणि रासबेरीचा रस घालून चहा दिला.

"चिकटली नव्हती हो ती, झोपली होती. पायाकडे उतरणारं गरम रक्त वाटेत वर येणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं. पाय गारच राहतात, पण गोठत नाहीत. आणि गार पायांतून ऊब तरी किती जाणार?"

"मी हाकलली ती बदकं. फेलिक्साची होती," ती म्हणाली.

"नाहीतरी जाणारच होती. डबकं मिटत आलं होतं. बंधाऱ्याकडे गेली असतील, तिथं पाणी वाहतं असतं."

दोन दिवसांत डबकं मिटलं. काठावर कुणी येईना. घरात तर आधीच कुणी नव्हतं.

रविवारी चर्चमधून परस्पर बस धरून ती शेजारच्या गावच्या बंधाऱ्यावर गेली. खळाळत्या पाण्यात बदकंच बदकं होती. त्यांतली आपली कोणती, ते तिला ओळखता येईना. तिच्याकडे एकाही बदकानं वळून पाहिलं नाही. तिनं दाणे टाकले, तेव्हा जवळची होती ती येऊन खाऊन गेली. पिशवी रिकामी झाली तरी ती कठड्याला टेकून उभीच होती. दुपारची बसही निघून गेली.

कुत्र्याला फिरवायला आलेली एक बाई जवळ थांबली. "बराच वेळ उभ्या आहात आजी. कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही," लेओकादिया म्हणाली. मग पाण्याकडेच बघत म्हणाली, "माझी बहीण वारली. फेलिक्सा नाव तिचं."

हे ती आजवर कुणाशीच बोलली नव्हती. त्या बाईनं कुत्र्याची दोरी हाताला गुंडाळली आणि तिच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिली.