आबांचा काळा-पांढरा फोटो

माझे व्याही दत्तूआबा मागच्या उन्हाळ्यात अडीच तासांसाठी वारले, आणि त्याला मी एकटी जबाबदार आहे.

झालं असं, की माझ्या लेकीनं, मनीषानं, तिचा जुना मोबाईल मला दिला. कुणी काही शिकवलं नाही. जिथं बोट लागेल तिथं दाबत गेले आणि एक दिवस कॅमेरा उघडला. मग काय विचारता! बारामतीच्या ज्या मंडईतून चाळीस वर्षं मान खाली घालून भाजी आणली, तीच मंडई नवी दिसायला लागली. तराजूच्या पारड्यात झोपलेलं मांजर. घोड्यावरून खाली वाकून चालत्या ट्रॉलीतला ऊस उपसणारा नवरदेव. (असा फोटो दुसऱ्या कुणाकडं असेल तर दाखवावा!) रोज रस्त्यावर हिंडायचं, एक फोटो काढायचा आणि स्टेटसला टाकायचा, असा नेमच धरला. सहासष्टाव्या वर्षी सकाळी उठायला कारण मिळालं, हे काय थोडं झालं?

"लोकांच्या तोंडापुढं फोन धरत हिंडतीस, एक दिवस मार खाशील," आमचे हे म्हणायचे.

"मारंल त्याचाबी फोटो काढीन!"

तर मनीषाकडं इंदापूरला गेले होते. परत निघायच्या दिवशी तिचे सासरे दत्तूआबा मला स्टँडवर सोडायला आले. जाता जाता तिथल्या मंडईत रशीदभाईंच्या फुलांच्या दुकानापुढं टेकले. डोक्यावर पांढरी टोपी, मागं झेंडूच्या माळांचा पडदा, नजर वर आभाळात लागलेली. (प्रत्यक्षात सुनेनं मेथी सांगितलीय की कोथिंबीर, हे ते आठवत होते.) मी म्हटलं, आबा, हलू नका! आणि काढला.

गाडीत बसल्यावर बघते तर काय, आजवरचा सगळ्यात भारी फोटो! रंग काढून काळा-पांढरा केला की फोटोची कला होते, असं कुठंतरी ऐकलं होतं. काढले रंग. खाली लिहिलं, 'दत्तूआबा. असा माणूस पुन्हा होणे नाही.' शेवटी दोन हात जोडले आणि दिला टाकून.

निमगाव यायच्या आत फोन थुईथुई नाचायला लागला. एवढी वाहवा माझ्या आयुष्यात कधी झाली नव्हती! मनीषाच्या मावससासूनं रडके चेहरे पाठवले. मी लिहिलं, 'डोळ्यात पाणी आलं ना? मग जमला म्हणायचा!' कुणी भाच्यानं लिहिलं, 'कधीही न भरून येणारी पोकळी.' मी म्हटलं, पोराला फोटोतलं कळतं. उत्तर दिलं, 'पोकळी मी मुद्दाम ठेवली आहे.' आबांच्या शेजारच्या गणपतरावांनी 'भावपूर्ण' एवढाच शब्द लिहून हात जोडले. त्यांचा फोटो काढायचा शब्द मी मागंच दिला होता, म्हणून कळवलं, 'आता पुढचा नंबर तुमचा!'

लासुर्ण्याजवळ मनीषाचा फोन आला.

"आई! काय टाकलंयस तू?"

"आवडला ना?"

"दारात माणसं आल्यात! गणपतकाका बांबू घेऊन आल्यात! दार आबांनीच उघडलं, तर काकांनी त्यांच्याच गळ्यात पडून विचारलं, आबा, कधी झालं ओ?"

"मग आबा काय म्हणाले?"

"ते म्हणाले, कोण गेलं?"

तेवढ्यात ह्यांचा फोन. "आजपासनं फोटो बंद! लेकीच्या सासऱ्याला जित्यापणी मारलंस. आत्ताच्या आत्ता माघारी जा, पाय धर, आन तो फोन तितंच मनीषाकडं देऊन ये!"

लासुर्ण्याला उतरले आणि उलटी गाडी धरली. वाटेत कॅलेंडरवरल्या चित्रासारख्या उभ्या बायका, टोपलीत बसलेली पोरं, शेळी मागं बसवून निघालेला स्कूटरवाला, सगळं खिडकीतून जात होतं आणि मी फोनला हात लावत नव्हते. लेकीची मान खाली गेली ती गेली, वर माझी सकाळ पण गेली.

इंदापूरला पोचले. अंगणात ही चपलांची रास! पांढऱ्या टोप्याच टोप्या! आणि मधोमध खुर्चीत दत्तूआबा, गळ्यात झेंडूचा हार, हातात चहाची बशी. (हार रशीदभाईंनी आणलेला. आणलेला हार माघारी कसा न्यायचा, म्हणून आबांनी स्वतःच घालून घेतला.)

मी सरळ पायांवर वाकले. "आबा, चुकले. हा घ्या फोन."

"उठा विहीणबाई, उठा! हे कोण बसलंय वळखलं का?"

शेजारी एक म्हातारा नाक पुसत बसला होता. अनवाणी. आबांचे धाकटे भाऊ, पळसदेवचे तात्या! मनीषाच्या लग्नात ह्यांना मानाचा फेटा बांधायचा राहून गेला, तेव्हापासून नऊ वर्षं हा माणूस भावाच्या दारात फिरकला नव्हता.

"चप्पलबी न घालता पळत आलाय," आबा म्हणाले. "वेशीपासनं वरडत आला, आबाऽऽ मला टाकून गेलास रंऽऽ!"

"मेला म्हणून आलो," तात्या गुरगुरले. "जिता हाय म्हाईत असतं तर आलो नसतो."

"मग जाऊ का परत मरायला?"

"बस गप. चा पी."

अख्खं अंगण हसलं. आबांनी मनीषाला आतून फेटा आणायला लावला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं तात्यांना बांधला. फेटा एका कानावर आला, तरी तात्या राजासारखे बसले.

"कोण आलं, कोण न्हाय, कोण किती रडलं, समदं डोळ्यांनी बघितलं," आबा म्हणाले. "असं भाग्य कुणाला मिळतंय? विहीणबाई, फोन घ्या हातात. आमा दोघांचा काढा. आन रंग ठिवा!"

काढला. तो फोटो आता त्यांच्या बैठकीत भिंतीवर आहे, खाली माझं नाव घालून! ह्यांना नेऊन दाखवला. हे फोटो बघून म्हणाले, "चार्जर घेतलास का उद्याला?"

त्या दिवशी अंगणातून निघताना गणपतरावांनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, माझाबी तसलाच काढून ठिवा, बिनरंगाचा. ऐनवेळी घरचे आधार कार्डावरला लावत्यात." पाठोपाठ सगळ्या टोप्या रांगेत. आज बारामतीपासून इंदापुरापर्यंत सत्तरीच्या पुढच्या माणसांत माझ्याइतकी मागणी कुणाला नाही.

परवा म्हटलं, आपल्यासाठी कोण कोण धावत येतंय, एकदा बघावं तरी. स्वतःचाच फोटो काढला, रंग घालवले, खाली हात जोडले आणि टाकला स्टेटसला. दाराला कडी न लावता बसून राहिले. कुणी आलं नाही. बारा जणांचे निरोप मात्र आले, आणि बाराही जणांनी एकच विचारलं होतं, "मग आता आमचे फोटो कोण काढणार?"